इअरफोनपासून मेंदूपर्यंत: शेवटच्या काही सेंटीमीटरची गोष्ट

(या आठवड्याच्या एपिसोडचा हा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'अॅक्च्युअली' आणि 'म्हणजे' थोडे कापलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

[००:००] आवाज अजून पोचलेला नाही



आज सुरुवात थेट तुमच्या कानापासून. आत्ता मला ऐकताय म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांच्या कानात इअरफोन असणार. माझा आवाज तिथपर्यंत आला कसा, याचा बराचसा हिशेब मला पाठ आहे, कारण मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या बोलण्याने हवा थरथरली, माइकने त्या थरथरीचं व्होल्टेज केलं, ते सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून त्याचे आकडे झाले. आकड्यांची फाइल सर्व्हरवर गेली, तिथून तुमच्या फोनवर उतरली, आणि इअरफोनमधल्या चिमुकल्या पडद्याने पुन्हा हवा हलवली. इथे माझा सिलॅबस संपतो.

पण आवाज अजून पोचलाय कुठे? तो फक्त कानाच्या दारात आलाय. कवटीच्या आत मिट्ट काळोख आहे आणि मेंदूपर्यंत बाहेरची हवा जातच नाही. तिथे उजेड जात नाही, वास जात नाही, मिरचीचा तिखटपणाही जात नाही. मेंदूला कळतात फक्त नसांमधून येणारे विजेचे बारीक बारीक ठोके. मग हवेच्या थरथरीचे ठोके कोण बनवतं? आजचा एपिसोड याच कामगारांवर आहे. इंग्रजीत त्यांना सेन्सरी रिसेप्टर म्हणतात, शाळेच्या पुस्तकातला शब्द 'ग्राही'. आपण रिसेप्टरच म्हणू.

आणि शेवटी व्हॉल्यूमच्या बटणाबद्दल थोडं बोलायचंय. पण आधी रिसेप्टर कळला, तर ते बोलणं उपदेश वाटणार नाही.

[०१:३०] गच्चीवरची टाकी

आपल्या सोसायटीतली गच्चीवरची टाकी डोळ्यासमोर आणा. पंप आधीच चालवून टाकी भरून ठेवलेली असते. तुम्ही नळ सोडलात की पाणी लगेच जोरात येतं, कारण दाब आधीपासून तयार आहे. नळाला स्वतःला ताकद लावावी लागत नाही, तो फक्त वाट मोकळी करतो.

शरीरातल्या पेशींचं अगदी असंच आहे. चेतापेशीच्या आवरणात बारीक पंप असतात. ते सतत सोडियम बाहेर फेकतात आणि पोटॅशियम आत घेतात. दर फेरीला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. या सगळ्या खटपटीमुळे चेतापेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत साधारण ७० मिलिव्होल्टने ऋण राहते. आकडा किरकोळ वाटतो, पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. पण पेशीचं आवरण इतकं पातळ आहे की त्या जाडीच्या मानाने हा दाब जबरदस्त आहे. म्हणजे टाकी भरलेली आहे.

आता हवेत नळ. त्या आवरणात प्रथिनांची दारं बसवलेली असतात, त्यांना आयन चॅनल म्हणतात. दार उघडलं की विद्युतभार असलेले कण आत घुसतात आणि व्होल्टेज बदलतं. रिसेप्टरची सगळी हुशारी एवढ्यातच आहे: कुठलं दार कशाने उघडेल. काही दारं दाबल्यावर उघडतात, काही तापल्यावर, काही थंडीने, काही ठरावीक रसायन चिकटल्यावर. बाहेरची दुनिया शंभर तऱ्हेची, पण आत येताना प्रत्येक गोष्टीचं रूपांतर एकाच चलनात होतं, ते म्हणजे व्होल्टेज.

[०३:१०] ठेचा, पुदिना आणि पोपट

उदाहरण घेऊ. ठेचा खाल्ल्यावर आपण म्हणतो 'तोंड भाजलं'. गंमत अशी की हे शब्दशः खरं आहे, निदान मेंदूच्या बाजूने तरी.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला डेव्हिड ज्युलियस नावाचे शास्त्रज्ञ आहेत. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं कुठल्या दारावर टकटक करतं, हे त्यांच्या टीमने १९९७ मध्ये शोधून काढलं. त्या दाराचं नाव टीआरपीव्ही१. आणि तेच दार साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की आपोआप उघडतं! म्हणजे हा खरं तर चटक्याचा सेन्सर. कॅप्सेसिन त्याला चिकटलं की तो ४३ अंशांची वाटच बघत नाही, तोंडातल्या नेहमीच्या ३७ अंशांनाच उघडतो. मेंदूला निरोप मिळतो 'भाजतंय'. घाम सुटतो, नाक वाहतं. तोंडात आग नसतेच, पण निरोप आगीचा असतो.

पुदिन्याचं उलटं. मेंथॉल थंडीचा सेन्सर उघडतं, म्हणून पेपरमिंट चघळून श्वास घेतला की गार वाटतं. तोंडातलं तापमान उतरलेलं नसतं.

आणि पोपट मिरची कशी काय खातो? पक्ष्यांमध्येही हे दार असतं, पण त्याची घडण थोडी वेगळी आहे. कॅप्सेसिनने ते नीट उघडत नाही. पोपट सहनशील वगैरे काही नाही, त्याला तो निरोप जातच नाही.

स्पर्शाची दारं सापडायला आणखी वेळ लागला. आर्डेम पॅटापूटियन यांच्या टीमने पेशींना बारीक काचेच्या सुईने टोचून बघितलं की वीज तयार होते का. मग संशयित ७२ जनुकांची यादी केली आणि एकेक बंद करत गेले. यादीच्या शेवटी ते जनुक सापडलं, जे बंद केल्यावर पेशीला टोचलेलं कळेनासं झालं. म्हणजे चक्क डीबगिंग, एकेक लाइन कॉमेंट करत बसण्यासारखं. २०१० मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. त्या प्रथिनांना नाव मिळालं पिएझो, दाबणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. गॅस पेटवायच्या लायटरमधला पिएझो तोच. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्युलियस आणि पॅटापूटियन यांना मिळून मिळालं.

पिएझो२ हे दार जन्मतःच चालत नाही अशी काही मोजकी माणसं आहेत. डोळे मिटले की आपला हात कुठे आहे हे त्यांना कळत नाही. चालतानाही पायांकडे बघत राहावं लागतं. एक दार नसलं, तर आपलंच शरीर आपल्याला सापडत नाही.

[०५:४०] ठोका एकसारखा, मग जोर कसा कळतो?

व्होल्टेज बदललं, पुढे काय? बदल छोटा असेल तर तिथल्या तिथे विरून जातो. पण एका ठरावीक पातळीच्या वर गेला की नस एक पूर्ण ठोका मारते. साधारण एक मिलिसेकंदाचा. अर्धा ठोका, पाव ठोका असलं काही नसतं. शून्य किंवा एक. इंजिनिअर मंडळींना हे ऐकून घरी आल्यासारखं वाटेल.

मग हळू थाप आणि सणसणीत थप्पड यातला फरक कसा कळतो? केंब्रिजला एडगर एड्रियन आणि झॉटरमन यांनी १९२६ मध्ये याचं उत्तर दिलं. बेडकाच्या स्नायूला वजन लटकवून त्यांनी ताण ओळखणाऱ्या एकेका नसेतले ठोके मोजले. वजन वाढवलं तरी ठोक्याचा आकार तोच राहिला, पण ठोके भराभर पडायला लागले. म्हणजे जोराची माहिती ठोक्यांच्या वेगात असते. शिवाय जोर वाढला की जास्त नसा कामाला लागतात.

बरं, ठोका सगळीकडे एकसारखा, मग हा आवाज आणि हा उजेड हे मेंदूला कसं कळतं? कुठल्या वायरवरून आला त्यावरून. डोळे मिटून हलकेच चोळले तर रंगीत ठिपके दिसतात ना? तिथे उजेड कुठे आहे? दाब होता. पण डोळ्याच्या नसेवरून जे काही येईल ते मेंदूच्या लेखी उजेडच. आलेल्या निरोपात मजकूर नसतो, फक्त कुठल्या पोर्टवर आला तेवढं कळतं.

वायरींचा वेगही सारखा नसतो. पायाची करंगळी टेबलाला आपटल्यावर आधी 'टक्' कळतं, मग चुणचुणीत कळ, आणि नंतर सावकाश ती ठसठस येते. स्पर्शाच्या जाड नसा सेकंदाला ३० ते ७० मीटर वेगाने निरोप नेतात. ठसठशीच्या बारीक नसा जेमतेम सेकंदाला एक मीटर. करंगळीपासून मेंदूपर्यंतचं अंतर बघा, मधला तो 'आता दुखणार' म्हणून दात-ओठ खाण्याचा वेळ कुठून येतो ते कळेल.

आणि अजून एक: बरेच रिसेप्टर बदल कळवतात आणि मग गप्प होतात. घड्याळ मनगटावर बांधलं की मिनिटाभरात विसरायला होतं. कातडीखाली पॅसिनियन नावाचे कांद्यासारखे पापुद्रे असलेले रिसेप्टर असतात. त्यांना सतत दाबून धरलं तर काहीच कळवत नाहीत, पण सेकंदाला दोनशे-तीनशे वेळा थरथरणारी वस्तू त्यांना लगेच कळते. खिशातल्या फोनची व्हायब्रेट मोटर साधारण याच पट्ट्याच्या आसपास थरथरते. एवढ्याशा मोटरने तुम्ही दचकता, त्याचं श्रेय या कांद्यांना.

[०८:२०] आता कान

आता मूळ मुद्द्यावर येऊ. इअरफोनने हवा हलवली, कानाचा पडदा हलला. त्याला जोडलेली तीन छोटी हाडं, हातोडा, ऐरण आणि रिकीब, ती थरथर आत ढकलतात. आत आहे कॉक्लिया, गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली, द्रवाने भरलेली नळी. उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर. म्हणजे तुमच्या बोटाच्या दीड पेराएवढी असेल.

या नळीत लांबीभर एक पडदा असतो आणि त्यावर केसपेशी. नावाने फसू नका, हे डोक्यावरच्यासारखे केस नव्हेत. पेशीच्या माथ्यावर जिन्याच्या पायऱ्यांसारखे लहान-मोठे तंतू उभे असतात, आणि प्रत्येक बुटक्या तंतूचं टोक शेजारच्या उंच तंतूला एका अतिसूक्ष्म धाग्याने बांधलेलं असतं. थरथर आली की तंतू एका बाजूला झुकतात, धागा ताणला जातो आणि आयन चॅनलचं दार खेचून उघडतो. दोरीने ओढून दार उघडावं तसं. पोटॅशियम आत घुसतं, व्होल्टेज बदलतं, पेशीच्या तळातून रसायन सुटतं आणि खाली वाट बघत असलेली नस ठोका मारते. झाला आवाज!

दार थेट ओढून उघडल्यामुळे मध्ये रासायनिक टप्पे नसतात, म्हणून हा प्रकार भयंकर वेगवान आहे. डोळ्याला असे टप्पे असतात, त्यामुळे ६० फ्रेमचा व्हिडिओ त्याला सलग वाटतो. तिथे एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची. कान मात्र डाव्या-उजव्या कानात पोचण्यातला १० मायक्रोसेकंदांइतका फरकही वापरून आवाज कुठून आला ते सांगतो. आणि अगदी बारीक आवाजाला हे तंतू किती झुकतात? एक नॅनोमीटरपेक्षाही कमी.

सूर कसा कळतो? नस काही सेकंदाला दहा हजार ठोके मारू शकत नाही. म्हणून इथे जागेची युक्ती आहे. कॉक्लियातला पडदा सुरुवातीला अरुंद आणि ताठ, आत जाऊ तसा रुंद आणि सैल. पातळ, उंच पट्टीचे आवाज दाराजवळच थरथर उठवतात, ढोलाचा खर्ज आतल्या टोकापर्यंत जातो. पेटीच्या पट्ट्या मांडल्यासारखं. गेऑर्ग फॉन बेकेशी यांना ही लाट दाखवून दिल्याबद्दल १९६१ चं नोबेल मिळालं.

केसपेशींचे दोन प्रकार असतात. आतल्या ओळीतल्या मेंदूला निरोप धाडतात. बाहेरच्या तीन ओळींतल्या चक्क नाचतात: व्होल्टेज बदललं की त्या लांब-आखूड होतात आणि पडद्याची थरथर वाढवतात. म्हणजे कानात बॅटरीवर चालणारा अॅम्प्लिफायर बसवलेला आहे. कुजबुज ऐकू येते ती त्याच्यामुळे.

[११:१०] स्पेअर पार्ट नाही

आता आकडा ऐका. एका कानात आतल्या केसपेशी साधारण ३,५००. बाहेरच्या साधारण १२,०००. संपलं. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात कोट्यवधी पिक्सेल आहेत. एका डोळ्यात उजेड ओळखणाऱ्या पेशी दहा कोटींच्या आसपास. आणि आयुष्यभराचं ऐकणं एका कानाच्या जेमतेम साडेपंधरा हजार पेशींवर.

या पेशी आपण आईच्या पोटात असतानाच तयार होतात. त्यानंतर नवीन येत नाहीत. जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशी दर काही दिवसांनी बदलतात, वासाच्याही बदलतात. पक्षी आणि मासे केसपेशी पुन्हा उगवू शकतात. आपण सस्तन प्राणी, आपल्याला कॉक्लियात ती सोय नाही. केसपेशी गेली की ती जागा कायमची रिकामी.

मोठ्या आवाजाने होतं काय? तंतू वाजवीपेक्षा जास्त झुकतात, टोकाचे धागे तुटतात. धागे एखाद-दोन दिवसांत परत बांधले जाऊ शकतात. माझा मावसभाऊ ढोल पथकात आहे. विसर्जनाच्या रात्री घरी आला की तो म्हणतो, 'कानात कापूस घातल्यासारखं वाटतंय, आणि शिट्टी वाजतेय.' दुसऱ्या दिवशी म्हणतो, 'गेलं, काही नाही.' शिट्टी जाते, हे खरं. पण २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन या शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेला प्रयोग आहे. मोठ्या आवाजानंतर उंदरांची ऐकण्याची चाचणी काही दिवसांत पूर्ववत आली, पण केसपेशी आणि नस यांच्यातले जोड काही भागात निम्म्यापर्यंत कायमचे तुटलेले होते. चाचणी हिरवी आणि आतली वायरिंग गेलेली. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला याची भीती वेगळी सांगायला नको.

आणि मार सतत पडत राहिला की पेशीच मरते. बहुतेक वेळा आधी जातात त्या बाहेरच्या ओळीतल्या, म्हणजे अॅम्प्लिफायर. त्यातही उंच पट्टीच्या, साधारण ३,००० ते ६,००० हर्ट्झ भागातल्या. नेमकी तिथेच स, श, फ, ट या अक्षरांची धार असते. म्हणून असा माणूस 'मला ऐकू येत नाही' म्हणत नाही. तो म्हणतो 'आवाज येतोय, पण काय बोलताय कळत नाही, नीट बोला ना.' 'साठ' की 'पाठ' हे त्याला अंदाजाने भरावं लागतं. घरातल्या आजोबांचं वाक्य आहे ना हे? फरक इतकाच की आपण ते वयाच्या पस्तिशीत म्हणू शकतो.

[१३:२०] व्हॉल्यूमचं गणित

डेसिबलचं गणित सरळ नसतं. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास चालतं. ९० डेसिबल असेल तर आठवड्याला फक्त ४ तास. १०० डेसिबल असेल तर आठवड्याला २० मिनिटं. दिवसाला नाही, आठवड्याला! मोठ्या डीजेच्या भिंतीजवळ उभं राहिलं तर हा कोटा दोन-चार गाण्यांत संपतो. संघटनेच्याच अंदाजानुसार जगात १२ ते ३५ वयाची १ अब्जाहून जास्त मुलं-माणसं या धोक्यात आहेत. म्हणजे आपलाच वयोगट.

म्हणून चार गोष्टी. नाचू नका, ऐकू नका, असलं काही मी म्हणणार नाही.

पहिली: लोकलमध्ये किंवा बसमध्ये आपण व्हॉल्यूम वाढवतो तो गाण्यासाठी नाही, बाहेरचा गोंगाट बुडवण्यासाठी. तिथे कानात घट्ट बसणारे किंवा नॉइज कॅन्सलिंगवाले इअरफोन वापरा, मग कमी व्हॉल्यूमवर भागतं. रस्ता ओलांडताना मात्र काढा.

दुसरी: फोनच्या सेटिंगमध्ये जा. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाला मर्यादा घालता येते, काहींत आठवड्याची नोंदही दिसते. एकदा मर्यादा लावली की रोज मनाशी भांडायला लागत नाही.

तिसरी: पथकात वाजवता, डीजेसमोर नाचता, तर फोमचे इअरप्लग खिशात ठेवा. मेडिकलमध्ये मिळतात, चहा-वडापावच्या हिशेबात येतात. स्पीकरपासून लांब उभं राहिलं तरी पुष्कळ फरक पडतो. आणि मधेमधे दहा मिनिटं बाजूला या.

चौथी: शिट्टी दोन-तीन दिवसांत गेली नाही, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं, तर तेल-बिल न घालता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे लगेच जा. अचानक ऐकू येणं कमी झालं तर उपचाराला वेळेची मर्यादा असते, 'बघू पुढच्या आठवड्यात' करू नका.

मी स्वतः दिवसाचे सहा-सात तास हेडफोन लावून काम करतो, मीटिंग संपतच नाहीत. पण मेंदूपर्यंत जाणारं सगळं संगीत, आईचा फोन, रात्री झोपेत ऐकू येणारा पाऊस, हे सगळं त्या साडेपंधरा हजार पेशींच्या दारातून आत येतं, हे कळल्यापासून व्हॉल्यूमच्या बटणाकडे बोट जाताना जरा थांबतं.

पुढच्या एपिसोडमध्ये डोळा घेऊ. तिथे एक भारी उलटा कारभार आहे: उजेड पडला की दार उघडायच्या ऐवजी बंद होतं. का, ते तेव्हा सांगतो. तोपर्यंत हा एपिसोड त्या मित्राला पाठवा, ज्याचं गाणं त्याच्या इअरफोनमधून शेजारच्यालाही ऐकू येतं. भेटूया!